दगडाचं काजळ

सुरम्याची डबी हातात घेतली की शंका आधी तळहाताला येते. अंगठ्याच्या पेराएवढी डबी, आणि इतकी जड कशी? घरच्या काजळाला वजन असं नसतंच. दिव्यावर धरलेली काजळी नुसत्या श्वासाने उडते, म्हणून तर ती खरवडताना आजी कुणाला जवळ येऊ देत नाही. ही पूड उडत नाही. डबी हलवली तर एका बाजूला सरकून बसून राहते, आणि खिडकीपाशी जरा तिरकी धरली तर काळ्यात बारीक चंदेरी कण चमकतात. ती चमक गॅलिनाची. गॅलिना म्हणजे शिसं आणि गंधक यांचं खनिज, जगभरच्या खाणींतून शिसं मिळतं ते मुख्यतः याच्यातूनच. पाण्याच्या साडेसातपट जड, आणि शुद्ध असेल तर वजनाच्या ८६.६ टक्के निव्वळ शिसं. हा दगड कुटायचा, खलायचा, वस्त्रगाळ करायचा, की झाला सुरमा.

मी न्यू जर्सीत परिचारिका आहे. लहान मुलाच्या रक्तात शिसं सापडलं की त्याच्या घरी जायचं, ते कुठून आलं हे शोधायचं, हे माझं काम. इथल्या नियमाप्रमाणे प्रत्येक मुलाची पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास ही रक्ततपासणी व्हावी लागते. आकडा चढा आला की आमच्याकडे कागद येतो आणि मी प्रश्नांची यादी घेऊन दारात उभी राहते. यादी अमेरिकन घरांच्या दुखण्यांवरून बेतलेली. घर १९७८च्या आधीचं आहे का (त्या साली इथे घरगुती रंगात शिसं घालायला बंदी आली)? खिडक्यांच्या चौकटींचे पोपडे निघतात का? नळ जुने आहेत का? घरातलं कुणी बांधकामावर किंवा बॅटरीच्या कारखान्यात आहे का? आपल्या लोकांच्या घरी या सगळ्याला पुष्कळदा ‘नाही’ असंच उत्तर मिळतं. कॉम्प्लेक्स नवं, नवरा-बायको दोघंही आयटीत.

मग शेवटाकडे कुठेतरी एक ओळ येते: परदेशातून आणलेली सौंदर्यप्रसाधनं वापरता का? त्यालाही ‘नाही’. यात कुणी खोटं बोलत नसतं. दहा महिन्यांच्या बाळाला कोण सौंदर्यप्रसाधनं लावतं? सुरमा घातला जातो तो डोळे निरोगी राहावेत म्हणून, दृष्ट लागू नये म्हणून, बारशाला घालतातच म्हणून, आणि आजीचा तेवढा हक्क आहे म्हणून. त्यामुळे मी हल्ली यादी बाजूला ठेवते आणि सरळ म्हणते, ‘बाळाच्या डोळ्यांत काय घालता ते दाखवा बघू.’ विचारलं की नकार येतो. दाखवा म्हटलं की कपाट उघडतं.

एक अफगाण कुटुंब माझ्या चांगलं लक्षात आहे. २०२१मध्ये काबूल पडल्यावर हजारो अफगाण माणसं आमच्या राज्यातल्या लष्करी तळावर येऊन राहिली होती, त्यांतलेच हे. भाड्याची जुनी जागा, त्यामुळे सगळ्यांचा संशय भिंतींवर. पण भिंती तपासल्या तर त्या बऱ्या निघाल्या. मुलीचा आकडा मात्र वीसच्या आसपास, म्हणजे डेसिलिटरभर (शंभर मिलिलिटर) रक्तात वीसेक मायक्रोग्रॅम शिसं. त्यांची दरी भाषा बोलणारा दुभाषा फोनच्या स्पीकरवर, मी आणि मुलीची आई गालिच्यावर बसलेल्या, चहा आलेला. दाखवा म्हटल्यावर तिने पर्समधून पितळी सुरमेदाणी काढली. काबूलहून नणंदेनं पाठवलेली. कशी घालता, म्हणून विचारलं तर तिने करूनच दाखवलं: सलाई काढली, जिभेच्या टोकाला लावून ओली केली, पुडीत बुडवली, पापण्या मिटून मधून ओढून घेतली. दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा जीभ, पुन्हा पुडी. मग मांडीवरची पोर पुढे ओढली, तेव्हा मी तिचा हात धरला.

आमच्याकडे केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसणारं एक यंत्र असतं, एक्सआरएफ म्हणतात. वस्तूवर टेकवून खटका दाबला की क्ष-किरणांच्या मदतीने त्यात कोणतं मूलद्रव्य किती आहे ते पडद्यावर येतं. रंगाच्या पोपड्यावर आकडा स्थिरावायला जरा वेळ जातो. त्या पुडीवर तो क्षणात आला, आणि निम्म्याहून जास्त शिसं दाखवून थांबला. ती बाई मला म्हणाली, आणि दुभाष्याने अगदी सपाट आवाजात सांगितलं, ‘हिच्या वेळी पोटुशी होते तेव्हाही मी रोज घालत होते. ते हिला गेलं का?’

गेलं असणार. शिशाला शरीर कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांतलं वर्षानुवर्षं राहतं. बाळाच्या हाडांसाठी कॅल्शियम लागलं की गरोदर बाईचं शरीर आपल्या हाडांतून ते काढतं, आणि त्याच्याबरोबर साठलेलं शिसंही बाहेर पडतं. वार, म्हणजे प्लॅसेंटा, त्याला अडवत नाही.

अशी प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत बऱ्याच वर्षांपासून येताहेत. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डोळ्यांतल्या प्रसाधनातून झालेल्या शिशाच्या विषबाधेवरचं टिपण १९६८ सालचं आहे, आणि सुरम्याचं नाव घेऊन लिहिलेलं आणखी एक १९७८चं. २०११मध्ये बॉस्टनला सहा महिन्यांच्या एका बाळाच्या रक्तात डेसिलिटरला १३ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं. आई-बाप मूळचे नायजेरियाचे. तिकडे ‘तिरो’ नावाने मिळणारी पूड ते बाळाच्या पापण्यांना लावत होते. तपासली तर ८२.६ टक्के शिसं. वर दिलेला ८६.६चा आकडा शेजारी ठेवून पाहा: ही भेसळ नव्हती, तो जवळजवळ शुद्ध दगडच होता. २०१३मध्ये न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला एका अफगाण कुटुंबाकडे सापडलेल्या काजळात ५४ टक्के निघालं. भेसळखोर शोधून काढावा, त्याच्यावर खटला भरावा आणि प्रश्न मिटावा, असं इथे होत नाही ते यामुळेच. विकणारा बहुतेक वेळा प्रामाणिकपणे तीच वस्तू विकत असतो जी त्याच्या आजोबांनी विकली.

डोळ्यांतून ते रक्तात कसं जातं, हे मला प्रत्येक घरी सांगावं लागतं. बुबुळातून झिरपून जाणारं फार थोडं. खरा रस्ता पोटाचा आहे. डोळ्यातलं पाणी आतल्या कोपऱ्यातल्या बारीक नळीने नाकात आणि घशात उतरतं, रडल्यावर नाक गळतं ते त्यामुळेच. शिवाय बाळ डोळे चोळतं आणि तीच मूठ तोंडात घालतं. मोठ्या माणसाच्या पोटातून गिळलेल्या शिशाचा दहावा भाग वगैरे रक्तात जातो, लहान मुलाच्या पोटातून निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त, आणि आपल्या मुलांत लोहाची कमतरता किती, ते कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा. आता हिशेब. ८० टक्के शिसं असलेल्या पुडीचा एक मिलिग्रॅम, म्हणजे सलाईच्या टोकाला दिसेल न दिसेल इतका, पोटात गेला तर ८०० मायक्रोग्रॅम शिसं गेलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलाच्या अन्नातून दिवसाला येणाऱ्या शिशासाठी धरलेली संदर्भपातळी आहे २.२ मायक्रोग्रॅम.

आणि दिसत काहीच नाही. पोर खेळतं, खातं, हसतं. फार चढलं तर पोट दुखेल, बद्धकोष्ठ होईल, रक्त कमी होईल, चिडचिड वाढेल, आणि यांतली कुठलीही गोष्ट शंभर इतर कारणांनी होते. मेंदूवरचा परिणाम पुढे शाळेत कळतो, तेव्हा त्याचा धागा डबीपर्यंत कुणी नेत नाही. इथे रक्तातला आकडा डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेला की लक्ष घालतात. २०२१पर्यंत ही रेघ ५वर होती. रेघ खाली आली म्हणजे तिच्याखाली सुरक्षित असं नव्हे; सुरक्षित पातळी म्हणून काही माहीतच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता आपल्या घरांकडे येते. बाळंतपणाला आलेल्या साताऱ्याकडच्या एक आजी. नातवाचा आकडा पाचाच्या वर, म्हणून मी गेले. माझ्या आधी सुनेच्या हातात कुठल्याशा कचेरीतून आलेलं पत्रक पडलं होतं. त्यावर काजळाच्या डबीचं चित्र आणि चित्रावर लाल फुली. सुनेने ते फ्रीजवर चिकटवलं होतं, आणि घरात दोन दिवस अबोला.

‘तुम्ही मराठी दिसता, तुम्हीच सांगा,’ आजींनी सुरुवातच अशी केली. ‘एरंडेल मी आणलं, वात मी वळली, ताम्हण माझ्या सासूबाईंचं. यात शिसं आलं कुठनं?’

कुठूनच नाही. आजी शंभर टक्के बरोबर होत्या. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हण पालथं धरून जमवलेली काजळी म्हणजे कार्बन. ती धुतलेल्या लोण्यात नाहीतर तुपात खलली की काजळ. त्यात दगड नाही, त्यामुळे शिसंही नाही. मी त्यांची डबी यंत्राखाली धरली आणि पडदा त्यांनाच दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, सुनेकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्यात पुष्कळ काही होतं.

माझं त्या पत्रकाशी भांडण आहे ते इथे. काजळी आणि दगड एकाच फुलीखाली घातले की ज्या बाईने आयुष्यभर स्वतःच्या हाताने काजळ केलं तिला कळतं की हे सांगणाऱ्याला काही माहीत नाही. एकदा तसं ठरलं, की तो पुढे जे खरं सांगेल तेही ती ऐकत नाही. सरसकट मनाई करणं कचेरीला सोपं जातं, हे मला कळतं. तीस भाषांत पत्रक काढायचं तर बारकावे कुठे मावणार! पण घरात मनाई नव्हे, माणूस लागतो, आणि त्याने आधी आजीचं बरोबर आहे तिथे बरोबर म्हणावं लागतं.

मग नातवाच्या रक्तात आलं कुठून? दाखवा म्हटल्यावर दुसरी डबी आली, आजोबांच्या औषधांच्या पिशवीतून. ‘थंडा’ सुरमा. उन्हाळ्यात डोळ्यांची आग होते म्हणून ते घालत, आणि एकदोनदा नातवाचे डोळे आले तेव्हा त्यालाही जरासा घातला होता. कुठून घेतला, तर गावाकडे बाजाराच्या दिवशी, एका पालावरून. लेबल नाही, कारखाना नाही, तारीख नाही. यंत्र टेकवलं आणि पडदा आजोबांकडे वळवला. एकाच बॅगेतून, एकाच विमानाने, एकाच मायेने आलेल्या दोन डब्या. एक निर्धोक, दुसरी नाही, आणि दोन्ही काळ्याच.

घरचं काजळ डोळ्यांत घाला असंही मी म्हणत नाही, हे तेव्हाच सांगून टाकलं. बोटाने घालताना नख लागतं, जंतू जातात, बारीक अश्रुनळी तुंबते, आणि थंडावा यावा म्हणून कापूर घालत असाल तर तो तान्ह्याच्या पोटात जाणं वाईटच. डोळे त्याने मोठेही होत नाहीत. ज्याचे त्याचे डोळे आई-बापाच्या वळणावर जातात. ‘मग तीट?’ आजींनी विचारलं. तीट लावा की. घरच्या काजळाची, कानामागे. तळपायाला लावायची त्यांची पद्धत होती, पण सहा महिन्यांचं पोर पाय कुठे नेतं ते त्यांनाच आठवलं आणि त्या हसायला लागल्या. अबोला तिथे सुटला असावा.

दुसरं घर दापोलीकडच्या एका कोकणी मुसलमान कुटुंबाचं. खालांनी सुरमा मक्केहून आणलेला, आणि तो घालणं त्यांच्या दृष्टीने सुन्नत, म्हणजे पैगंबरांनी घालून दिलेली रीत. डोळ्यांना इस्मिद लावावा, त्याने नजर तेज होते, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. तिथे मी काय बोलणार? बोलला त्यांचा जावई, फार्मसीत काम करणारा. तो म्हणाला, ‘खाला, इस्मिद म्हणजे अँटिमनी या वेगळ्याच मूलद्रव्याचा दगड असं जाणकार सांगतात. तो महाग आणि दुर्मीळ. ह्या पुडीत तो नाहीच, हे तर शिसं आहे. मग ही सुन्नत कशी झाली?’ खालांना हे पटलं. डॉक्टरांचं पटलं नव्हतं. जावयाने त्यांच्या श्रद्धेला हात लावला नाही, फक्त दुकानदाराला लावला. अँटिमनीही काही डोळ्यांत घालायची वस्तू नव्हे, पण ते मी त्या दिवशी बोलले नाही. एका बैठकीत एकच डबी बाहेर जाते.

‘आपले पूर्वज काय वेडे होते का’ हा प्रश्न मात्र आजींपेक्षा तरुणांकडूनच जास्त येतो, आणि सुरम्यातलं शिसं डोळ्यांचं रक्षण करतं असा फोनवरचा फॉरवर्ड दाखवत येतो. पूर्वज वेडे नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सौवीरांजन (खनिजाचं अंजन) रोज घालावं असं सांगितलंय आणि स्राव वाहून जाण्यासाठी पाच-आठ रात्रींनी रसांजन (दारुहळदीचं अंजन). रोजच्या सवयीचा किती बारकाईने केलेला विचार! इजिप्तमध्ये तर त्याच्या कितीतरी आधी लोक शिशाचे क्षार मुद्दाम तयार करून डोळ्यांच्या काजळात मिसळत होते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या जुन्या कुप्यांमधली पूड तपासून फिलिप वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवलं. २०१०मध्ये त्याच मंडळींनी आणखी एक गोष्ट मांडली: अत्यल्प मात्रेत हे क्षार त्वचेच्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतात, त्यामुळे जंतूंशी लढायला मदत होत असावी. फॉरवर्ड इथेच थांबतो. प्रयोग बशीतल्या पेशींवर झाला, नाईलच्या पुरात डोळ्यांचे रोग हे रोजचं संकट असलेल्या काळाचा उलगडा करण्यासाठी. वाढत्या मेंदूबद्दल त्यात चकार शब्द नाही. चरकाला रक्तातलं शिसं मोजता येत नव्हतं. आपल्याला येतं, एवढाच फरक आहे, पण तो मोठा आहे.

मग कायदा काय करतो? कायदा आहे, आणि जुना आहे. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांतच शिसं आणि आर्सेनिक रंगासाठी वापरलेल्या प्रसाधनांना बंदी आहे. युरोपात शिसं निषिद्ध द्रव्यांच्या यादीत आहे. अमेरिकेत तर सुरमा-काजळ या पारंपरिक रूपात रंगद्रव्य म्हणून मंजूरच नाही, बंदरात सापडलं तर अडवता येतं. पण ते बंदरातून येत नाही. ते सुटकेसमध्ये साड्यांच्या घडीत येतं, चिवड्याच्या शेजारी. नणंद पाठवते, आत्या आणते, हजहून आलेला शेजारी वाटतो. दुकानातली डबी पकडता येते, भेट आलेली कोण पकडणार? डबीवर ‘शिसेविरहित’ छापलेलं असलं तरी ती छपाई आहे, तपासणीचा दाखला नव्हे. बाजारात मिळणाऱ्या पुसून पाहायच्या चाचण्याही रंगासाठी बनवलेल्या. त्यांच्या भरवशावर कुणी डबी पुन्हा आत ठेवू नये.

हे फक्त डोळ्यांपुरतंही नाही. इथल्याच रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या दुकानांतून आणि मुंबई-दिल्लीतून सिंदूर गोळा करून तपासला. २०१७मध्ये निष्कर्ष छापून आले. इथल्या नमुन्यांपैकी १९ टक्के आणि भारतातल्यांपैकी ४३ टक्के नमुने ग्रॅमला २० मायक्रोग्रॅम या अमेरिकी मर्यादेच्या वर होते. कुंकवाचा करंडा, शेंदूर, लग्नातली हळद, या सगळ्यांकडे मी आता घरात शिरल्या शिरल्या बघते. सवयच लागली आहे. माझ्या स्वतःच्या बहिणीला त्याचा वैताग येतो.

सुरमा सापडल्यावरचं काम तसं साधं असतं, चिकाटीचं मात्र. डबी बेसिनमध्ये ओतायची नाही, कचऱ्यातही टाकायची नाही. दोन पिशव्यांत बांधून घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायची. उश्यांचे अभ्रे, दुपटी, बाळाची खेळणी धुवायची, सलाई ठेवलेला कप्पा ओल्या फडक्याने पुसायचा, झाडायचा नाही. मुलाला लोह, कॅल्शियम, पोटभर जेवण. रक्तातला आकडा ४५च्या खाली असेल तर शिसं ओढून काढणारी औषधं सहसा देत नाहीत, आणि तेच आई-बापांना सगळ्यात जड जातं. काहीतरी द्या ना, म्हणतात. द्यायचं नाही, काढून घ्यायचं आहे, हे पटायला दोन तपासण्या जाव्या लागतात. आकडा हळूहळू उतरतो. अफगाण मुलीचा उतरला, आईचाही आम्ही तपासून घेतला आणि तो मुलीपेक्षा जास्त निघाला. ती आता पेन्सिल वापरते, दुकानातली, लेबल वाचून, आणि जिभेला लावत नाही.

भारतात एक वर्षाच्या मुलाची अशी तपासणी आपोआप कुणी करत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२०च्या अहवालात रक्तात ५च्या वर शिसं असलेली जगातली मुलं अंदाजे ८० कोटी धरली आहेत, त्यांतली साडेसत्तावीस कोटींच्या आसपास भारतात. त्यामुळे पुण्या-नाशिककडचं कुणी मला फोनवर विचारतं की आमच्याकडे तर असं काही होत नाही, तेव्हा मी विचारते, मोजलंय का? शहरांतल्या मोठ्या प्रयोगशाळांत ‘ब्लड लेड’ नावाने ही तपासणी होते. बाळाच्या डोळ्यांत दगडाचा सुरमा गेला असेल, तर डॉक्टरांना ती लिहून द्यायला सांगा, आणि जाताना डबीही बरोबर न्या.